पांढऱ्याची पकड

१

सकाळी निवाऱ्याचं फाटक उघडलं की आधी कान किटतात, मग नाक, आणि शेवटी जीव. इतकी वर्षं झाली तरी बाईंचा हा क्रम चुकला नव्हता. दोन्ही हातांना कुत्र्यांच्या पिंजऱ्यांच्या रांगा, मधून सिमेंटची वाट, वाटेच्या कडेला पाणी वाहून जायची नाली. बाई आत शिरल्या की पहिल्या पिंजऱ्यातलं कुत्रं भुंके, त्याचं ऐकून दुसरं, आणि बघता बघता सगळा निवारा डोक्यावर घेतला जाई. “आले रे बाबांनो, आले, जरा दम धरा,” असं बाई रोज म्हणत आणि रोज कुणीही दम धरत नसे.

चावल्याची तक्रार आलेली कुत्री इथे आणत. बाई त्यांना थोडं शिकवायच्या, पारखायच्या आणि शेवटी सांगायच्या, हे माणसांत राहू शकेल की नाही. त्या नाही म्हणाल्या की डॉक्टर इंजेक्शन भरत. डॉक्टर तरुण आणि हळवे होते, दर वेळी तोंड फिरवून डोळे पुसत. बाईंचे डोळे केव्हाच कोरडे झाले होते. निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्यांना एकाच गोष्टीचा वीट आला होता, ‘नाही’ म्हणण्याचा. आता जाता जाता आणखी एक जीव आपल्या शब्दावर जाऊ नये, एवढंच त्यांना वाटे.

त्या सकाळी पहिलं कुत्रं भुंकलं, दुसरं भुंकलं, आणि रांगेच्या मध्यावर आवाज एकदम तुटला. पुढची सगळी कुत्री जागी होती. पण ती पिंजऱ्यांच्या मागच्या भिंतीला चिकटून बसली होती, तोंडं भिंतीकडे करून.

टोकाच्या पिंजऱ्यात नवा कुत्रा उभा होता. पांढराशुभ्र, छातीने रुंद, मान मांडीएवढी. मान खाली घालून, चारही पाय रोवून तो उभा होता आणि बाई आल्या तरी त्याने डोळे तेवढे वळवले.

बाहेर गाडीवाला गाडी धूत होता. “बाई, तो पांढऱ्या बघितलात?” तो म्हणाला. “कालच आणला. मालक घरात मरून पडलेला, आणि हा त्याचा हात तोंडात धरून उभा. लाकडी पाचर घालून जबडा उघडावा लागला.”

“चावला का तुला?”

“चावायला तोंड मोकळं पाहिजे ना! गाडीत चढला तोसुद्धा उलटा. मागे मागे, ओढत ओढत. आणि गाडी अशी बसली की मी विचारलं, दोन कुत्री भरलीत का रे?” तो हसला आणि पुन्हा पाण्याची नळी धरून कामाला लागला. मागचा पत्रा त्याने आधीच धुतलेला दिसत होता, तरी तो परत परत तिथेच पाणी मारत होता.

२

रानडुकराच्या शिकारीसाठी पैदास केलेली ही जात. डुकराला फाडायचं नाही, धरायचं. अंगाला सुळे लागोत, कातडं सोलून निघो, शिकारी येईपर्यंत धरून ठेवायचं, एवढ्याच एका गुणासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली. काही देशांत या जातीला बंदी आहे. नाव काढलं की लोक मुलांना आत ओढून घेतात, आणि ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे ते शपथेवर सांगतात की आमचा तर नातवाच्या कुशीत झोपतो. बाईंना दोन्ही बाजूंच्या लोकांचा सारखाच कंटाळा होता. कुत्रा म्हणजे कुत्रा असतो, असं त्यांचं मत होतं.

“जबड्याला कुलूप लागतं यांच्या, असं काल मला एक पत्रकार शिकवत होता,” डॉक्टर म्हणाले. “कुलूपबिलूप काही नसतं हो. हट्ट असतो नुसता.”

“मग हा काय करतोय?”

डॉक्टरांनी पिंजऱ्यात बसून पांढऱ्याचं तोंड तपासलं. दात घट्ट मिटलेले नव्हते. वरच्या आणि खालच्या दातांत मनगट बसेल एवढी फट होती. तेवढीच राहत होती. डॉक्टरांनी जबडा मिटायचा प्रयत्न केला, मिटेना. उघडायचा केला, उघडेना. धनुर्वात नव्हता, हाड मोडलेलं नव्हतं, गाठ नव्हती. खाणं तर दूरच, पाणीही त्याला पिता येत नव्हतं. पायाला सुई लावून सलाईन चढवलं, तेव्हाही तो हलला नाही.

“धक्का बसलाय त्याला. मालक गेला ना,” डॉक्टर म्हणाले. “पण बाई, असा उपाशी तो किती टिकणार? आणि वरून माझ्यामागे लकडा लागलाय, माणूस मारणारा कुत्रा आहे, लवकर संपवा म्हणून. तोंडातून सोडायला शिकला आणि परीक्षेत उतरला, तरच मी त्याच्यासाठी भांडू शकेन.”

“शिकेल,” बाई म्हणाल्या. ‘सोड’ शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यातच त्यांची अर्धी नोकरी सरली होती.

डॉक्टर बाहेर पडले. पांढऱ्याची मान मधूनच डावीकडे हिसकली जात होती, मग उजवीकडे. तो स्वतः हिसका देत नव्हता. त्याला हिसका बसत होता, आणि तो पाय आणखी रोवत होता. मानेचे स्नायू दुखत असतील, म्हणून असं होत असेल, असं बाईंनी ठरवलं.

३

मेलेल्या मालकाची बहीण दुपारी आली. थकलेली, घाईघाईत साडी गुंडाळल्यासारखी. कार्यालयात बसायला सांगितलं तरी ती दारातच उभी राहिली.

“माझा दादा होता तो. कुत्र्याने मारलं म्हणतात सगळे,” ती म्हणाली. “पण बाई, रक्ताचा थेंब नव्हता हो. हातावर दातांचे व्रण तेवढे. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.”

“मग कुत्र्याचा काय दोष?”

“मी कुठे दोष देतेय?” ती पिंजऱ्यांच्या दिशेने बघत होती, पण पाऊल पुढे टाकत नव्हती. “एकदा मी म्हटलं होतं दादाला, एवढं थोरलं जनावर बाळगतोस, निदान सोड म्हटलं की सोडायला तरी शिकव. सगळं शिकवलं होतं त्याने, बस, ऊठ, थांब. तेवढं मात्र नाही. म्हणाला, हे एक याला शिकवायचं नाही.”

“का?”

“विचारलं. तर विषयच बदलला त्याने.” ती थोडी घुटमळली. “शेवटी शेवटी दादा बरा नव्हता. म्हणजे, तब्येतीने छान दिसायचा. पण मी घरी गेले की मला भीती वाटायची. सख्ख्या भावाची कुठे भीती वाटते का?”

बाईंनी तिला पाणी दिलं. माणूस गेल्यावर मागे राहिलेले लोक असंच काहीबाही बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. मनातून मात्र त्यांना त्या मेलेल्या माणसाचा राग आला. शिकारी जातीचं कुत्रं पाळायचं आणि सोडायला शिकवायचं नाही, हा शुद्ध आळशीपणा. त्याची शिक्षा हे मुकं जनावर भोगतंय, आणि निस्तरायचं बाईंनी.

४

दुपारी खुराक झाला की निवारा काही वेळ निपचित पडतो. ती वेळ बाईंनी निवडली. उकडलेल्या मांसाचं भांडं घेऊन त्या पिंजऱ्यात शिरल्या, दार ओढून घेतलं आणि पांढऱ्यासमोर जमिनीवर बसल्या.

बाहेरून इतका शांत वाटणारा पिंजरा आतून शांत नव्हता. पांढऱ्याचा श्वास मोठ्याने चालला होता, आणि त्याच्या प्रत्येक श्वासानंतर, किंचित मागाहून, आणखी एक श्वास ऐकू येत होता. बाईंनी आपला श्वास रोखून पाहिला. त्यांचा नव्हता तो. भिंतींमुळे घुमत असेल. मागच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचा असेल. मागे पिंजराच नाही, हे त्यांना आठवलं, पण तेवढ्यासाठी काम टाकून उठायची त्यांची रीत नव्हती.

सोडायला शिकवायची पद्धत सोपी आहे. तोंडातली वस्तू ओढायची नाही. ओढली की कुत्रा अधिकच आवळतो. उलट ती वस्तू आपल्या हाताने स्थिर धरून ठेवायची, मेल्यागत. धडपड थांबली की धरण्यातला अर्थच जातो. मग नाकाशी मांस न्यायचं, आणि जबडा सैल पडेल त्याच क्षणी म्हणायचं, सोड.

पण इथे तोंडात वस्तू कुठे होती? ‘म्हातारपणी काय काय सोंगं करावी लागतात,’ असं मनाशी म्हणत बाईंनी पांढऱ्याच्या जबड्यासमोरच्या मोकळ्या हवेत हात नेला आणि काहीतरी धरल्यासारखी बोटं मिटली.

बोटं पूर्ण मिटली नाहीत.

काहीतरी गार, ओलसर, सुती कापडात गुंडाळल्यासारखं होतं. लाळ असेल, कुत्र्याचा श्वास असेल, आपले हात तरी कुठे धड राहिलेत आता, असं त्यांनी एका दमात स्वतःला समजावलं, आणि हात काढून घेतला नाही. धडपड थांबवायची असते. त्यांनी ते घट्ट, स्थिर धरलं. आणि ते खरोखर थांबलं. फार आज्ञाधारकपणे थांबलं.

पांढऱ्याने बाईंकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत कुत्र्याच्या डोळ्यांत त्यांनी राग पाहिला होता, भीती पाहिली होती, लाचारीही पाहिली होती. ही विनवणी होती. उपाशी आहे बिचारा, असं वाटून त्यांचं मन गलबललं. मांस त्याच्या नाकाशी गेलं. जबड्याचा स्नायू थरथरला, सैलावला.

“सोड,” बाई ठाम आणि शांत आवाजात म्हणाल्या.

पांढऱ्याने तोंड उघडलं.

त्याच क्षणी निवाऱ्यातली सगळी कुत्री एकदम भुंकली, आणि एकदम गप्प झाली. मागाहून येणारा श्वास बंद झाला होता. पांढऱ्या भांड्यावर तुटून पडला, खाता खाता थांबून बाईंच्या हाताकडे बघू लागला, आणि पुन्हा खाऊ लागला. बाईंना आनंदाने रडू येईल असं वाटलं. वाचला, त्या मनात म्हणाल्या. एक तरी वाचला.

५

घरी नवरा नेहमीप्रमाणे खिडकीशी खुर्चीत होता. आयुष्यभर रंगारी म्हणून शिड्या चढला, आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, आणि रंगाच्या वासाने छातीत कायमची घरघर बसली होती. ती घरघर जिन्यातूनच ऐकू आली की बाईंना घरी आल्यासारखं वाटे.

“आलीस? कुणाला पास केलंस आज?”

“अजून नाही. पण करीन बहुतेक.”

“माझी परीक्षा कधी घेणार? एवढी वर्षं ‘बस’ म्हटलं की बसतोय.”

“ऊठ म्हटल्यावर उठत नाही ना तुम्ही,” बाई म्हणाल्या, आणि दोघं हसली.

हात तीनदा धुतला तरी त्यांना जड वाटत होता. टॉवेलने पुसत त्या खुर्चीपाशी आल्या, तसा नवऱ्याने सहज तो हात आपल्या हातात घेतला. “अगं, किती गार पडलाय हा,” तो म्हणाला आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागला. बाईंना बरं वाटलं. हळूहळू हातातला जडपणा उतरला, अगदी ओझं खाली ठेवावं तसा.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात होत्या. बाहेरच्या खोलीत काहीतरी कमी आहे असं त्यांना सारखं वाटत होतं. दिवा लावलेला होता, रेडिओ चालू होता. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं. घरघर थांबली होती.

६

पांढऱ्या गुणी निघाला. भांडं काढून घेतलं तरी गुरगुरला नाही. दोरी दिली, धरली, सोड म्हटलं, सोडली. नियमाप्रमाणे त्याने परक्याचंही ऐकायला हवं होतं, म्हणून बाईंनी डॉक्टरांना शिकवलं. “ओरडायचं नाही. विनवायचं नाही. ठाम आणि शांत.” डॉक्टर म्हणाले, सोड. पांढऱ्याने सोडलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

“आता घरची परीक्षा तेवढी राहिली,” ते म्हणाले. शेवटची परीक्षा नेहमी बाईंच्या घरी होई. कुत्र्याला घरात न्यायचं, नवऱ्याजवळ सोडायचं, आणि डॉक्टरांनी मागाहून येऊन बघायचं. नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून किती कुत्री पास झाली होती! “बाई, तुमचा चेहरा का उतरलाय? जिंकलोय आपण.”

बाई काय सांगणार होत्या? नवरा बरा झाला, हे दुःख कुणाला सांगायचं? तो आता गुडघ्याला हात न लावता उठत होता. जिना चढून येत होता आणि दम लागत नव्हता. विचारलं तर म्हणे, “औषध लागू पडलं असेल.” बोलायचा तेच, पण विनोद संपल्यावर हसणं थांबवायचा तो फार लवकर. एकदा दुपारी बाई घरी आल्या तर तो स्वयंपाकघरात भिंतीपासून वीतभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून उभा होता. “काय करताय हो?” “रंग बघतोय,” तो म्हणाला. रंगारीच तो, रंग बघणारच. बाईंनी स्वतःला असं समजावलं आणि त्या दिवशी त्या उगीचच बाजारात जाऊन बराच वेळ हिंडल्या.

शेजारी पडल्यावर त्याचा श्वास येई, स्वच्छ, घरघरीशिवाय. आणि मागाहून आणखी एक. तो दुसरा श्वास अगदी बारीक होता. त्यात घरघर होती.

सख्ख्या भावाची कुठे भीती वाटते का, असं ती बहीण विचारत होती. बाईंना आता तिला उत्तर देता आलं असतं. पण तिचा भाऊ गेला तेव्हा कुत्र्याने त्याला धरलेलं होतं, हेही त्यांच्या डोक्यातून जाईना.

७

पांढऱ्याला घेऊन बाई जिना चढल्या. आपल्याला नक्की काय हवंय, हेच त्यांना कळत नव्हतं. कुत्रा नवऱ्याच्या पायाशी शेपूट हलवत बसला असता, तर त्या सुखाने रडल्या असत्या. मग सगळा आपल्याच थकलेल्या डोक्याचा खेळ ठरला असता.

दार उघडलं. पट्टा सोडला. नवरा खुर्चीत होता. पूर्वी तो कुत्र्यासाठी बिस्किटाचा तुकडा मुठीत लपवून बसायचा. आज त्याने पाय वर घेतले.

पांढऱ्या धावला नाही, भुंकला नाही. तो सरळ गेला आणि त्याने नवऱ्याचं मनगट तोंडात धरलं. रक्त आलं नाही. चारही पाय रोवले, मान खाली घातली, आणि तो एकेक पाऊल मागे सरू लागला.

“अगं! अगं, बघतेस काय, त्याला सोड म्हण!”

बाईंनी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्यांना घरघर ऐकू आली. जुनी, ओळखीची, आता बारीक नाही. नवऱ्याच्या छातीतून येत होती. त्याचा गुडघा वाकला, चेहरा वेदनेने पिळवटला, आणि त्या चेहऱ्यातून त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांच्याच माणसाने, कितीतरी दिवसांनी. काही बोलायचं होतं त्याला. ओठ हलले, पण त्या ओठांतून आलेला आवाज स्वच्छ होता.

“सोड म्हण. मरेन गं मी. त्याचा मालक मेला ना तसा.”

हे खरंच होतं. त्याचं हृदय काही दणकट नव्हतं. पांढऱ्याने धरून ठेवलं तर नवरा मरेल, आणि सोडलं तर नवरा हा नवरा राहणार नाही, असं काहीसं बाईंच्या मनात आलं आणि त्या दोन्हींमध्ये उभ्या राहिल्या. की हा नुसताच एक धोकादायक कुत्रा होता, आणि त्या स्वतःच्या नवऱ्याला त्याच्या तोंडी देऊन भ्रमिष्टासारख्या बघत होत्या? त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. थोडा वेळ, त्यांना वाटलं. मला थोडा वेळ द्या, मी ओळखीन कोण बोलतंय ते.

जिन्यात पावलं वाजली. डॉक्टर आले होते.

बाई दाराकडे धावल्या, कडी लावली आणि पाठ टेकून उभ्या राहिल्या.

“बाई? काय झालं? दार उघडा!”

“डॉक्टर!” नवरा ओरडला. “धरलंय मला याने! सांगा त्याला!”

“नका, डॉक्टर, नका बोलू काही!” बाई किंचाळल्या. पण बायको घाबरून ओरडणारच, असं कुणालाही वाटलं असतं. डॉक्टर हळवे होते, आणि बाईंचे चांगले विद्यार्थी होते. दाराबाहेरून ते ओरडले नाहीत, विनवलं नाही. शिकवलं होतं तसंच, ठाम आणि शांत आवाजात त्यांनी तो शब्द उच्चारला.

पांढऱ्याने बाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शहाण्या कुत्र्याने करावं तसं त्याने तोंड उघडलं, आणि टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

घरघर थांबली. नवऱ्याने मनगट वळवून पाहिलं, सदऱ्याची बाही नीट केली आणि बाईंकडे बघून प्रेमाने हसला.

“गुणी आहे गं कुत्रा,” तो म्हणाला. “पास कर त्याला.”